शांतता समिती

"अहो, बोला ना कुणीतरी," शाल्मली वैतागून म्हणाली.

पाऊस लहरी झाल्यापासून बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन गावांत अबोला होता. हवामानबदल आणि सलोख्याचं काम करणाऱ्या संस्थेची ती प्रमुख. वर्षभर चपला झिजवून तिने दोन्हीकडच्यांना एका मांडवात आणलं, तर सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

शेवटी एका सरपंचबाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, फौजदार कधी यायचेत?"

"फौजदार कशाला?"

बाईंनी तिच्यामागच्या फलकाकडे बोट दाखवलं. 'शांतता समितीची बैठक'. सणासुदीच्या आधी पोलीस घेतात, तीच. तिथे कोण तोंड उघडेल?

शाल्मलीने कपाळाला हात लावला, फलक ओढून काढला आणि विचारलं, "पाणी कुणी अडवलं?"

दोन्ही गावांनी मांडव डोक्यावर घेतला. भांडत होती, पण एकमेकांशी बोलत होती.