हंसाचं अक्षर

इंदुबाईंनी स्वयंपाकघराचा पडदा ओढला आणि कोरा कागद सुनेच्या पुढ्यात ठेवला.

“लिव चार ओळी. नाव, गाव, शिक्षण. तुज्या त्या अक्षरात.”

सुगंधानं नणंदेकडे पाहिलं. हंसा नव्या साडीत घामाघूम होऊन उभी होती. तिला पाहायला तारापूरहून चंद्रभान तांडेल एडवणला आले होते. त्यांचा मुलगा बोईसरच्या कारखान्यात कायम झालेला, म्हणून सून शिकलेली हवी. पोहे खाता खाता त्यांनी पोरीचं अक्षर दाखवायला सांगितलं. हंसा सातवी पास होती खरी, पण तिच्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हटलं तर कोंबडी रागावली असती. “लाजते जरा, आत बसून लिवते,” असं सांगून इंदुबाईंनी तिला उठवलं होतं.

त्यांची सगळी भिस्त सुनेवर. गेल्या वर्षी सुगंधाला पाहायला गेल्या तेव्हा अक्षर पाहूनच त्यांनी होकार दिला होता. बारीक, नाजूक, किंचित उजवीकडे कललेलं. वेलांट्या तर मेंदी काढावी तशा. आल्यागेल्याला त्या ऐकवत, आमच्या सुनेचं अक्षर लग्नपत्रिकेवर छापावं असं हाय.

ते अक्षर सुगंधाचं नव्हतंच. दाराआड बसून धाकट्या बहिणीनं, वत्सलानं, लिहून दिलं होतं. तेव्हापासून सुगंधा लिहिणं टाळत आली होती. कधी कोळंबी सोलताना बोट कापलं म्हणे, कधी पेन चालत नव्हतं. हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या लिहायची वेळ आली तेव्हा तर तिनं दोन दिवस तापाचं सोंग घेतलं. आज पळायला जागा नव्हती. तिला रडू येत होतं.

“हंसालाच लिवू दे ना, आई.”

“आनि सोयरिक मोडू? लिव!”

“वहिनी, लवकर,” हंसा कुजबुजली.

आत्ता खरं सांगितलं तर बाहेर ऐकू जाणार, हंसाचं जमायचं राहणार आणि खापर आपल्या डोक्यावर. सुगंधानं पेन उचललं. वत्सलासारखी वेलांटी काढायला गेली, ती वाकडी पडली. ओळ खाली घसरली. ‘शिक्षण’ लिहिताना शाई सांडली. इंदुबाईंचे कान बाहेर लागलेले. त्यांनी कागद न पाहताच ओढून घेतला, हंसाच्या हातात दिला आणि तिच्यामागोमाग बाहेर गेल्या.

पाहुण्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मग चंद्रभान मोठ्यानं हसले.

“चौथी पोर बघतोय मी. तीन घरी एकदम कोरीव अक्षर. आतून दुसरंच कोन लिवून देतं, आमाला काय कळत नाय? या पोरीनं हाय तसं दाखवलं. आमाला पसंत हाय.”

इंदुबाई साखर घ्यायला आत आल्या. पाहुण्यांनी परत दिलेला कागद त्यांच्या हातात होता. खिडकीशी उभं राहून त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग सुनेच्या शाईनं माखलेल्या बोटांकडे पाहिलं.

पडद्याला फट होती. पाहुण्यांना आतलं दिसत होतं. इंदुबाईंनी कागदाची घडी करून कमरेला खोचली, डबा उघडला आणि सगळ्यांदेखत सुनेच्या तोंडात साखर घातली.

“गोड खा,” त्या हसत हसत म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “पावने जाऊ दे एकदा.”