सापांचा कार्यक्रम

प्राणिसंग्रहालयाच्या सर्पालयात मला सव्वीस वर्षं झाली. सकाळी अजगराची काच पुसायची, मगरीच्या हौदातला गाळ उपसायचा आणि दिवसभर "हा खरा आहे की प्लास्टिकचा?" या एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं. कमरेचा काटा ढिला झाला, पण या मंडळींचा कंटाळा काही आला नाही.

हे वेड मला आईमुळे लागलं. मी शाळेत होते तेव्हा ती रोज संध्याकाळी टीव्हीवर साप-सरड्यांचा तोच एक कार्यक्रम लावायची, आणि मी तिला टेकून डोळे फाडफाडून बघत बसायचे. बाबा कामावरून आले की टीव्ही बंद.

काल आईकडे गेले, तर स्वयंपाकघरात पाल निघाली. सत्तरीची आई हातातला कप तिथेच ठेवून बाहेर पळाली. मी पालीला उचलून खिडकीबाहेर सोडलं आणि हसत विचारलं, "पालीची एवढी धास्ती, मग तेव्हा रोज ते अजगर कशी बघायचीस गं?"

"बघायचे कुठे? डोळे मिटून नुसतं त्या माहिती सांगणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकायचे." गार झालेला चहा तिने पुन्हा गॅसवर ठेवला.



"आपल्या घरात तेवढा एकच पुरुष हळू आवाजात बोलायचा."