मरियामातेचा साज

"तंबाखू कुणासाठी गं, पेट्रोना?"

सेवेराने भर बाजारात विचारलं. पेट्रोनाने जुडी टोपलीत खाली ढकलली. "पडसं झालंय. धुरी घेते," म्हणाली आणि निघूनही गेली. विधवा बाई, तंबाखूला जन्मात हात न लावलेली! आणि जुडी कसली, तर काळी, उग्र, लेओन्सियो ओढायचा तीच. सेवेराच्या अंगाचा तिळपापड झाला.

लेओन्सियो तिचा नवरा. बदकांची अंडी विकायला होडीने मनिलाला गेला, तो पंधरवडा उलटला तरी परतला नव्हता. तिकडे स्पेनच्या सरकारविरुद्ध बंड पेटलंय, वाटा बंद असतील, असं लोक समजवायचे. आजवर तिला ते पटत होतं. आता पटेना. लग्नाआधी हाच लेओन्सियो गिटार घेऊन पेट्रोनाच्या खिडकीखाली उभा राहायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आणि त्या बाईचं सगळंच बघा! ऑक्टोबरच्या मिरवणुकीआधी मरियामातेला साज चढवायचा मान तिचा. चर्चमागच्या त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, खुद्द पाद्र्यानेसुद्धा नाही. पेट्रोना आत जायची, कडी लावायची, आणि बाहेर आली की बायका तिचा हात आपल्या कपाळाला लावायच्या. मान तिचा तो तिचा, आता नवराही तिचाच?

सेवेरा तडक चर्चमध्ये गेली आणि पाद्र्यांपुढे पापांची कबुली देतात त्या जाळीपाशी गुडघ्यावर बसली. मनात काही ठेवायची तिला सवयच नव्हती. दर आठवड्याला यायची, पोटातलं सगळं जाळीपलीकडे ओतायची आणि हलकी होऊन घरी जायची.

"पाद्रे, मी मत्सराने जळतेय. पेट्रोनाने माझा नवरा घरात दडवलाय."

पलीकडे पाद्रे हिलारिओन जाळीजवळ सरकले. "लेओन्सियो परत आला?"

"आलाच असणार. नाहीतर तंबाखू कुणासाठी घेतेय ती?"

"सांगितलंस ते बरं केलंस, मुली."

पाद्रे स्पेनहून आलेले. कुणाला जमीन कसायला मिळणार, कुणाला हद्दपार करणार, सगळं त्यांच्या शब्दावर. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या नवऱ्याची चौकशी केली, म्हणून सेवेरा सुखावली.

दुपारी शिपायांनी पेट्रोनाचं घर उलथंपालथं केलं. बांबूची जमीन उचकटली, तांदळाचे रांजण फोडले. कुणीच सापडलं नाही. मग तिलाच दंडाला धरून घेऊन गेले. पाद्र्यांनी शिपाई कशाला पाठवले, असं सेवेराच्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर जीव थंडच झाला जास्त.

संध्याकाळ जवळ आली. मिरवणूक तोंडावर, आणि साज चढवायला कुणी नाही. पाद्र्यांनी सेवेराला बोलावून घेतलं आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "आजपासून हा मान तुझा."

खोलीत शिरून सेवेराने कडी लावली. पालखीवर माता उभी होती. तोंड आणि हात तेवढे हस्तिदंताचे, खाली लाकडी पट्ट्यांचा पोकळ सांगाडा. त्यावर घागरा चढवला की माता पूर्ण दिसायची. सेवेराने जुना घागरा वर उचलला.

सांगाड्यात लेओन्सियो बसला होता.

दाढी वाढलेली. मांडीला बांधलेलं फडकं रक्ताने कडक झालेलं. त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"पेट्रोना कुठाय?"

पंधरवड्याने भेटलेल्या नवऱ्याचा पहिला शब्द हा! सेवेरा भडकली. "तिला सांगितलंत! लग्नाची बायको मी, मला नाही?"

"हळू बोल. मी बंडात होतो. पाद्र्याला माझं नाव कळलंय. तुला सांगितलं असतं, तर आठवड्याच्या आत त्याच्या कानावर गेलं असतं. त्या जाळीपाशी तू कधी काही राखून ठेवलंयस का?"

"आणि ती राखते वाटतं?"

"ती त्याला आजवर एक अक्षर खरं बोललेली नाही."

सेवेराने जुना घागरा ओढून काढला आणि बाजूला टाकला.

"पालखी तळ्यापर्यंत जाईल," तो म्हणाला. "तिथे होडी आहे. उचलणारे आपलेच आहेत. पण पेट्रोना कुठाय?"

"शिपायांनी नेलीय. मीच पाद्र्यांना..."

त्याने डोळे मिटून घेतले. बायकोला एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. "मारून टाकलं तरी ती बोलायची नाही," एवढंच म्हणाला. सेवेराला ते झोंबलं. इतक्या खात्रीने तो आपल्या बायकोविषयी कधीच बोलला नव्हता.

तिने नवा घागरा चढवला, चारी बाजूंनी टाचला. झगा घातला, मुकुट ठेवला. मग दार उघडलं.

बाहेर मेणबत्त्या घेऊन सारं गाव उभं होतं. पुढे पाद्रे, शेजारी शिपायांचा नाईक.

"काय गं, झालं मनासारखं?" पाद्र्यांनी हसून विचारलं.

सेवेराने तिथेच दगडांवर गुडघे टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाद्रे, तिला सोडा. माझा नवरा काही आलेला नाही. तंबाखूचं मी रचून सांगितलं. कबुलीत खोटं बोलले. मला ती बाई बघवत नाही, म्हणून."

बायकांमधून "शी!" उमटलं. एक म्हातारी तिच्यापुढे थुंकली. पाद्र्यांचं तोंड लालबुंद झालं. एका बाईच्या जळफळाटापायी त्यांनी गावादेखत घर फोडायला लावलं होतं. त्यांनी नाइकाला हाताने खूण केली.

पेट्रोनाला आणलं तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. पालखीवरच्या मातेचा साज नीट चढलेला पाहून तिने मोठा श्वास सोडला. बायका धावल्या, एकेक करून तिचा हात कपाळाला लावू लागल्या. पालखी उचलली गेली आणि तळ्याच्या वाटेला लागली.

सेवेरा सगळ्यांच्या मागून एकटीच चालली होती. गावासमोर ती जे बोलली, त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. ती बाई तिला अजूनही बघवत नव्हती.