पाळण्यांची भट्टी

"हात फिरवून बघा," म्हणत हेमाने पांढऱ्या रंगाचा पाईप बापाच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

बद्रीनाथने हात फिरवला नाही. तीस वर्षं भट्ट्यांना आतून अस्तर लावणाऱ्या माणसाला रंगात अडकलेले बारीक केस लांबूनही दिसतात. "अस्तराची लोकर उघडी ठेवलीस," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला. चौदा महिन्यांत बापलेकीत झालेलं हे सगळ्यात मोठं बोलणं. एरवी दूध आलं, किल्ली खुंटीला आहे, संपलं.

हेमा वारज्यात घरामागच्या शेडमध्ये लोखंडी पाळणे बनवते. पाईपवर रंगाची पूड उडवायची आणि दोनशे डिग्रीला भाजून ती पक्की बसवायची, हे पावडर कोटिंग ती बाहेरून करून आणायची आणि प्रत्येक खेपेला पंधरा दिवस तंगडतोड करायची. म्हणून तिने अमीनला, तिच्या फॅब्रिकेटरला, हाताशी धरून घरचीच भट्टी उभी केली. बिबवेवाडीच्या एका प्रसूतिगृहाला शनिवारी बारा पाळणे द्यायचे होते. हिची पहिलीच मोठी ऑर्डर, आणि चाचणीचा पहिलाच पाईप असा केसाळ निघाला. त्या दांड्यांना तान्ह्या बाळांचे हात लागणार होते.

बद्रीनाथने आजवर त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तो भट्ट्यांचं काम करतो एवढं सगळ्या सोसायटीला माहीत होतं. कसल्या भट्ट्या, हे कोणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे. विद्युतदाहिन्यांच्या. घरी आला की आधी आंघोळ, मग कडीला हात. "आता तरी आत या, की अजून एक बादली काढू?" असं नंदा, त्याची बायको, अंगणातल्या बाथरूमच्या दाराशी उभी राहून विचारायची. तेवढं एकच माणूस त्याच्या कामाची चेष्टा करायचं.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली तेव्हा तिला जिथे नेलं, त्या दाहिनीचं अस्तर त्याने आठच दिवसांपूर्वी बदललं होतं. एकुलती एक म्हणून हेमा पुढे होती. दार वर गेलं तशी ती आतल्या भिंतीकडे बघत उभी राहिली. लोक चल बाळा, चल बाळा म्हणत होते आणि ही हलेना. मग वळली आणि तिने बापाच्या हातांकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. बद्रीनाथ काय समजायचं ते समजला. त्या दिवशी त्याला रडू आलं नाही, पुढेही आलं नाही. पोह्यात मीठ आहे की नाही हेही आता त्याला कळत नसे. बधिर झाला होता बिचारा, दुसरं काय.

आज मात्र तो उठला आणि चपला घालून शेडकडे निघाला. पाळण्याला केस चिकटलेले त्याला बघवेनात, एवढंच.

"या काका, मुहूर्त लागला म्हणायचा," अमीन म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, लोकरीवर पत्रा घाल. ऐकेल तर शपथ. म्हणे भट्टी अशीच असते."

बद्रीनाथने भट्टीत डोकं घातलं. चारी भिंतींना पांढरी लोकर होती, उष्णता आत कोंडणारी सिरॅमिकची. एक घडी उभी, एक आडवी, दाबून बसवलेली. बोट शिरायला फट नाही. अशा घड्या घालणारा अख्ख्या पुण्यात एकच माणूस होता, आणि त्याने त्या कोणाला शिकवलेल्या नव्हत्या.

"कोणी दाखवलं तुला हे?"

"कोणी नाही," हेमा म्हणाली. "आतून भट्टी मी एकदाच बघितलीय."

अमीन शहाणा. चहा सांगून येतो म्हणाला आणि निघून गेला.

बद्रीनाथ यादी वाचल्यासारखं बोलत सुटला. "तिथे चालतं असं. तिथे धागा सुटून कशावर पडला हे कोण बघतंय? इथे पत्रा हवा. गॅल्व्हनाइज्ड नको, वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि मग गंज धरतो. स्टेनलेसचा घाल, रिबिट मारून. कोपरेसुद्धा झाक." तो थांबला. "आणि ही लोकर आधी उपटून काढ. दुसरी आण, दुसऱ्याकडून बसवून घे. पाळणे आहेत ते, हेमा. यात माझ्या हातचं वळणही नको."

"का?"

"का म्हणून मला विचारतेस? त्या दिवशी माझे हात बघितलेस तू. तेव्हापासून बोलत नाहीस."

"तुम्ही बोलत नाही, बाबा. मी वाट बघत बसले." तिने ओढणीने नाक पुसलं. "दार उघडलं आणि मी तिथेच थांबले. आईला परत घरी घेऊन जावं असं वाटायला लागलं. वेड्यासारखं. मग आत त्या घड्या दिसल्या. किती नीट होत्या. घाईघाईत उरकलेलं एकही टोक नव्हतं."

बद्रीनाथचा एक हात अजून भट्टीत, लोकरीवरच होता.

"ते तुमच्या हातचं होतं," हेमा म्हणाली, "म्हणून मी आईला आत जाऊ दिलं."