धारवाडच्या बसमधली बुत्ती

कल्पना करा पोरांनो, सकाळची धारवाडची बस पारापाशी येऊन उभी आहे. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, आणि तुमच्या तव्यावरची शेवटची भाकरी अजून फुगायची आहे. शिकायला गेलेलं तुमचं माणूस तिकडं त्याच भाकरीची वाट बघत असणार. काय कराल?

नीलव्वानं भाकरी निखाऱ्यावर उलटली, फुगल्या फुगल्या फडक्यात घातली, शिदोरीची बुत्ती बांधली आणि डबा सांभाळत धावत सुटली.

"आज उशीर केलास, अव्वा," कंडक्टर म्हणाला. त्या मुलखात लहानथोर कुणाही बाईमाणसाशी गोडीनं बोलायचं म्हणजे तिला अव्वाच म्हणायचं.

"बुत्ती आडवी ठेवू नका, अण्णा. खाली अंबाडीची भाजी आहे, पातळ."

"रोज आपला पाला पाठवतेस. ती माणूस आहे का शेळी?"

"शेळीला चक्कर येत नाही," नीलव्वा म्हणाली.

चक्कर सुमंगलाला आली होती, कॉलेजात, भर वर्गात. मेसचे पैसे वाचवायचे म्हणून ती सकाळी चहावर, दुपारी चुरमुऱ्यांवर आणि रात्री मिरचीभजीवर राहत होती. खोलीत सोबतीला असलेल्या पोरींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंगात रक्त फार कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले. असंच चाललं तर परीक्षेला बसणं जमायचं नाही.

बसप्पानं ते ऐकलं आणि पिशवी उचलली. "पुरे झालं शिक्षण. आत्ता जाऊन घेऊन येतो."

नीलव्वा दारात आडवी उभी राहिली. "एक महिना. डबा मी पाठवते. रक्त वाढलं नाही, तर खुशाल आणू परत."

रानात बसप्पाचा शब्द चाले, घरात नीलव्वापुढं त्याचं काही चालत नसे. त्यानं पिशवी खाली ठेवली.

तेव्हापासून घरातलं एक मूठ धान्यही नीलव्वाच्या नजरेतून सुटेना. ज्वारीची भाकरी तर होतीच. एक दिवस मोडाची मटकी, एक दिवस मूग. बांधावरची अंबाडी, दारचा शेवग्याचा पाला. जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. काकडी, कांदा, वाटीभर दही. शेवटी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. विकत आणायचं ते फक्त लिंबू. लिंबू पिळलं की पालेभाजी जास्त अंगी लागते, हे तिनं शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्राखाली वाचलं होतं.

बस गेली की ती शाळेतच जाई. दुपारी पोरांच्या ताटांत काय काय पडतंय, तिकडं तिचं बारीक लक्ष असे. आमटीत भाजी कमी दिसली तर ती तोंडावर बोलून दाखवी.

शेजारची इरबसव्वा म्हातारी मात्र रोज कट्ट्यावर बसून टोमणे मारी. "या वयात घर सोडून पुस्तकं घेऊन बसायची म्हणे. लोक हसतात. तूच तिला डोक्यावर चढवून ठेवलीयस."

"हसू देत की आज्जी. हसल्यानं त्यांचंही रक्त वाढेल."

"आणि तू इथं चुलीत डोळे जाळून घे."

नीलव्वा नुसती हसे आणि मटकीवर पाणी शिंपडून फडकं घट्ट बांधून ठेवी.

संध्याकाळी फोन व्हायचा.

"अव्वा, जेवलीस?"

"जेवले गं अव्वा."

"काय जेवलीस?"

"सगळं."

"खोटं. डबा परत आलाय, भाजी तशीच आहे. चटणी मात्र चाटूनपुसून साफ."

तिकडं सुमंगला हळूच म्हणाली, "आंबट लागते गं. दात आंबतात."

"परीक्षेत दातांनी लिहायचंय का?"

पलीकडं खोलीतल्या पोरी खो खो हसल्या. त्यांतली एक ओरडली, "उद्यापासून आम्ही समोर बसून खायला लावतो. फक्त चटणी जरा जास्त पाठव."

नीलव्वानं जास्त पाठवली. भाकऱ्याही वाढवल्या. चार जणींत बसून खाल्लं की न आवडणारी भाजीसुद्धा संपते, हे तिला ठाऊक होतं.

महिना झाला. सुमंगला एकटीच दवाखान्यात जाऊन आली आणि तिनं फोन केला. रक्त वाढलं होतं. बसप्पानं फोन कानाला लावला, ऐकून खाली ठेवला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला. बराच वेळ आलाच नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. कॉलेजात सुमंगला पहिली आली.

बक्षीस समारंभाला तिघं मिळून धारवाडला गेली. बसप्पानं धुतलेला पटका बांधला होता. इरबसव्वा इरकल नेसून सगळ्यांच्या पुढं बसली होती. आदल्या दिवसापर्यंत टोमणे मारणारी ती म्हातारी शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "आमच्या घराशेजारची आहे हो ती. माझ्या देखत शिकली."

सुमंगला मंचावर आली. गाल भरले होते, चाल ताठ होती. माइक तिनं जवळ ओढला.

"मी उपाशीपोटी शिकत होते," ती म्हणाली. "पैसे वाचवते आहे असं मला वाटत होतं, पण वाया मीच चालले होते. माझ्या अव्वानं मला घरच्याच चार गोष्टींत नीट जेवायला शिकवलं. भाजी टाकली की रागवायची. हे बक्षीस तिचं आहे."

टाळ्या थांबेनात. प्राचार्याबाई उठून म्हणाल्या, "त्या माउलीला वर पाठवा. आम्हाला तिला बघू दे."

सगळ्या माना इरबसव्वाकडं वळल्या.

"मी नव्हे बाबा," म्हातारी म्हणाली आणि बाजूला कोपरानं ढोसलं. "जा गं. बोलावतायत तुला."

नीलव्वानं बापाचा हात सोडला, शाळेच्या गणवेशाचा झगा झटकला, घोट्यावर घसरलेला मोजा वर ओढला, आणि सातवीतली ती पोर मंचावरच्या आपल्या आईकडं धावत सुटली.