मांडीवरचं वजन

परतूरच्या एका धान्याच्या आडतीवर मी काटा सांभाळते आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण सुमेधा शेजारच्या टेबलावर सोयाबीनचा ओलावा मोजते. ती स्वमग्न आहे. लिलावाचा गलका वाढला की ती कान दाबून टेबलाखाली बसायची आणि मग दिवसभर बोलायची नाही. दिवाळीनंतर आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत उपाय शोधायला सुरुवात केली. मी आकडे मोजायला लावले तर ती चिडली, कानात कापूस घातला तर तो टोचला. एकदा तिनं काट्याचं पाच किलोचं लोखंडी वजन मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "शालू, हे बराबर हाय. याच्यानं डोकं शांत होऊन राह्यलं." काल एका व्यापाऱ्यानं तिच्या टेबलावर हात आपटला. "चौदा टक्के कसं? अठरा लिही, जल्दी!" माल विकायला आलेले शेतकरी काका, ओलावा जास्त लिहिला तर भाव पडणार म्हणून घाबरून उभे राहिले. मी उठले, तर सुमेधानं मला हातानंच थांबवलं, वजन मांडीवर ओढलं आणि डोळे मिटले. "दोन मिनिटं थांबा," ती म्हणाली. व्यापारी माझ्याकडे वळला. "तू सांग, किती लिहायचं?" मी मान ताठ करून म्हणाले, "तिलाच विचारा, शेठ." थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, सगळ्यांसमोर दाणे पुन्हा मीटरमध्ये टाकले आणि आकडा पाहिला. "चौदा," ती व्यापाऱ्याकडे न बघता, पण काट्यापर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली. "अन् मी चौदाच लिहिलंय."