अठ्ठ्याहत्तरपर्यंतची तरतूद

बाबा काल अठ्ठ्याहत्तर पूर्ण करून वारले. माझ्या एक्सेलमध्ये तरी. आज मात्र ते तारनाक्याच्या घरात चहात उस्मानिया बिस्किट बुडवत होते. निवृत्तीच्या दिवशी आकडा त्यांनीच दिला होता: "अठ्ठ्याहत्तर बस्स रे. आपल्यात त्यापुढे कुणी गेलेलंच नाही." मी ठेवी, करबचत, औषधं, सगळं तिथवर बसवलं. पुढच्या ओळीपासून माझ्या मुलीची कॉलेजची फी सुरू होते. "हे बिस्किट कशात धरू?" आईने विचारलं. "पाहुण्यांच्या खर्चात," मी म्हणालो. बाबा हसले. मी बिस्किटांची बशी खरंच उचलल्यावर हसायचे थांबले. कारखान्यात हेडक्लार्क असताना मुदतीनंतरचा अर्ज त्यांनी विधवेचासुद्धा घेतला नव्हता. आज त्यांनीच कागद ओढला. "तारीख कालची टाकू?" "खोटं नक्को, बाबा." समास सोडून त्यांनी लिहिलं: "अर्जदार अद्याप हयात आहे. तरी आपल्या तक्त्यात एक ओळ वाढवून मिळावी, ही विनंती."